पिशवी काढली, अंडाशयाचे काय?

सिद्धार्थाने वयाच्या २९ व्या वर्षी पहिल्यांदाच म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिला व म्हणून घर सोडले, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच नाकारली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटण्यासारखे नाही. म्हातारपण अवचित एका दिवसात समोर येत नसते. ते आजीच्या, आजोबाच्या रूपाने आपल्याच ओसरीवर बसलेले असते आणि हळूहळू आपल्याही अंगात उतरते.

पण एका दिवसात म्हातारपण आलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. रोहिणखेडात पाहिल्या, मोताळा तालुक्यातल्या इतर गावांत पाहिल्या, आणि राजूर घाट चढून बुलढाण्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या एस.टी.त शेजारच्या बाकावरही पाहिल्या. वय विचारावे तर चौतीस, पस्तीस. रात्री मध्येच अंगातून वाफा निघतात, लुगडे घामाने भिजते, मग झोप लागत नाही. निंदणाला बसले तर कंबर उठू देत नाही. लहानसहान गोष्टीवर रडू येते, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, कारण त्रास होतो. बहुतेकींची कहाणी थोड्या फरकाने एकच असते. “अंगावरून लय जात होतं. डॉक्टरनं सांगतलं, पिशवी खराब झाली, ठेवली तं कॅन्सर होईन. मंग काढून टाकली.”

पुढचे मात्र कोणी सांगत नाही. घरचे म्हणतात, ऑपरेशनपासून ही बाई बदलली. सासू म्हणते सोंग करते. कोणी उतारा काढायला सांगतो, कोणी गंडा बांधायला. विहारात वर्षावासातले ग्रंथवाचन संपल्यावर आयाबहिणी थोडा वेळ बसतात, तेव्हा हा विषय हळू आवाजात निघतो. पुरुषमंडळी बाहेर गेली की मोकळेपणाने निघतो. आम्ही डॉक्टर नाही, कारकून आहोत. परंतु कागद वाचणे हा आमचा रोजचा धंदा असल्याने बाया पिशवीतून (म्हणजे कापडी पिशवीतून) आपली जुनी डिस्चार्ज कार्डे काढून आमच्यापुढे ठेवतात आणि विचारतात, “भाऊ, याच्यात काय लिहेल हाय?” त्यातूनच या लेखाची गरज वाटली. डॉक्टरमंडळींना विचारून, वाचून, पडताळून जे समजले ते मांडत आहोत.

मुळात आपण ज्याला ‘पिशवी’ म्हणतो ते गर्भाशय. मूल वाढते ते तिथे, महिन्याची पाळी येते ती तिथून. पण त्या पिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन अवयव असतात, ते अंडाशय. हे वेगळे आहेत. पिशवीचे काम मूल वाढवणे. अंडाशयाचे काम अंडे तयार करणे आणि त्याबरोबर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन नावाचे हार्मोन रक्तात सोडणे. हार्मोनला मराठीत संप्रेरक म्हणतात. शरीरातल्या एका ग्रंथीने रक्तात सोडलेला, आणि दूरच्या अवयवाला ‘असे कर, तसे करू नको’ असे सांगणारा तो निरोप असतो. इस्ट्रोजेनचा निरोप एकट्या पिशवीपर्यंत जात नाही. हाडांना चुना धरून ठेवण्यासाठी, रक्तवाहिन्यांना मऊ राहण्यासाठी, मेंदूला झोप व अंगाची उष्णता सांभाळण्यासाठी, योनीमार्गाला ओलावा राहण्यासाठी, सगळीकडे तो निरोप लागतो.

हार्मोन बाहेरून घेणे म्हणजे काहीतरी अघोरी, असे समजायचे कारण नाही. मधुमेह्यांना लागणारे इन्शुलिन हेही हार्मोनच आहे. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी ते वेगळे केले, त्याआधी लहान वयात मधुमेह झालेली मुले हमखास दगावत. खुद्द बाबासाहेब मधुमेहाने आजारी होते. १९४८ च्या सुमारास पायांच्या वेदना आणि निद्रानाश यांनी ते बेजार झाले होते व इन्शुलिन घेत होते. त्याच उपचारांच्या निमित्ताने मुंबईत त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली, ज्या पुढे माईसाहेब झाल्या. घटना समितीच्या मसुद्याचे काम याच आजारपणात चालले होते. तेव्हा शरीरात जे बनायचे बंद झाले ते बाहेरून देणे, हे विज्ञान आहे. प्रश्न एवढाच की कोणाला, किती, केव्हा आणि कोणाच्या देखरेखीखाली.

आपल्या देशात पाळी आपोआप जाण्याचे सर्वसाधारण वय ४६-४७ वर्षे आहे, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. आपोआप पाळी जाते तेव्हा अंडाशय काही वर्षे हळूहळू थकत जातात आणि शरीराला सवय करून घ्यायला वेळ मिळतो. बत्तीस-पस्तिसाव्या वर्षी पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले तर तो निरोप त्याच दिवशी तुटतो. अंगातल्या वाफा, झोप उडणे हे त्यातले वर दिसणारे. आत न दिसणारे असे की हाडे भराभर ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेलेल्या स्त्रियांमध्ये हे दोन्ही धोके जास्त आढळतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांतून दिसून आले आहे. अंडाशय ठेवून नुसती पिशवी काढली तरी काहींचे अंडाशय वेळेआधी काही वर्षे थकतात, पण निदान एका दिवसात तरी नाही.

म्हणून ज्या बाईची पिशवी काढलेली आहे तिने विचारायचा पहिला प्रश्न हा : माझे अंडाशय काढले की ठेवले? आणि काढले असतील तर एक की दोन्ही?

आम्ही पाहिलेल्या बहुतेक बायांना हे ठाऊकच नव्हते. ‘पिशवी काढली’ एवढेच त्यांना सांगितलेले. उत्तर मात्र त्यांच्याच कार्डावर होते, फक्त इंग्रजी अक्षरांत. कार्डावर ‘टी.ए.एच.’ लिहिले असेल तर पोटावर चीर देऊन पिशवी काढली. ‘व्ही.एच.’ असेल तर खालच्या मार्गाने काढली. त्याच्यापुढे ‘बी.एस.ओ.’ ही तीन अक्षरे असतील तर दोन्ही बाजूंच्या नळ्या व दोन्ही अंडाशयही काढले. ‘यू.एस.ओ.’ असेल तर एकाच बाजूचे. ही बी.एस.ओ. अक्षरे एका पस्तिशीच्या ताईच्या कार्डावर आम्ही वाचली आणि तिला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे माझं डोकं फिरेल नाही ना?” नवऱ्याने आणि दिराने तिला तेच सांगून ठेवले होते.

आता उपचाराचे. डॉक्टरांच्या जगन्मान्य संघटनांचे म्हणणे याबाबत बरेच एकमुखी आहे. पंचेचाळिशीच्या आत, त्यातून चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेले असतील आणि मनाई करण्यासारखा दुसरा आजार नसेल, तर पाळी आपोआप जाण्याच्या वयापर्यंत, साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन बाहेरून द्यावे. पिशवी काढलेली असल्याने बहुतेकींना नुसते इस्ट्रोजेन पुरते. पिशवी असलेल्या बाईला मात्र नुसते इस्ट्रोजेन देऊन चालत नाही, कारण त्याने पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावे लागते. गोळी असते, अंगाला लावायची जेल असते, चिकटपट्टी असते. रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा जेल-पट्टीत कमी. ज्यांना फक्त खालच्या कोरडेपणाचा त्रास आहे त्यांना तिथे लावायच्या मलमानेच भागते.

मनाई कोणाला, तेही नीट वाचावे. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, अर्धांगवायू किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा मोठा आजार असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव चालू असेल, तर ही औषधे घ्यायची नाहीत. सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर, स्तनांची तपासणी, घरात कोणाला कॅन्सर होता काय याची चौकशी, आणि पुढे दरवर्षी फेरतपासणी, हे पाहिजेच. शेजारणीला लागू पडली म्हणून मेडिकलवरून तीच गोळी आणायची, हे धोक्याचे. गावात ते सर्रास चालते म्हणून बजावतो.

बाया विचारतात, हार्मोनने कॅन्सर होतो ना? ही भीती आली कुठून, ती हकीकत थोडी लांबीने सांगण्यासारखी आहे, कारण तीत फायदा व तोटा दोन्ही दिसतात.

गाभण घोड्यांच्या मुतातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी अमेरिकेत १९४२ मध्ये बाजारात आली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून प्रचार केला की पाळी जाणे हा रोगच आहे आणि ही गोळी घेतल्यास बाई कायम तरुण राहील. गोळी करणाऱ्या कंपनीचा पैसा त्याच्यामागे होता, हे पुढे उघड झाले. लाखो बायांनी गोळी घेतली. १९७५ मध्ये पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरची गोष्ट पुढे आली, मग दोन हार्मोन एकत्र देणे सुरू झाले. त्यानंतर मोठी सरकारी पाहणी झाली. पिशवी शाबूत असलेल्या ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. जुलै २००२ मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. दहा हजार बायांनी वर्षभर ती जोडगोळी घेतली तर स्तनाच्या कॅन्सरच्या ८, अर्धांगवायूच्या ८, हृदयविकाराच्या ७ आणि फुप्फुसातल्या गुठळीच्या ८ घटना जास्त. उलट खुब्याचे हाड मोडण्याच्या ५ आणि आतड्याच्या कॅन्सरच्या ६ घटना कमी. जगभर गोळ्या फेकल्या गेल्या.

परंतु त्या बायांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे झालेल्या त्या म्हाताऱ्या. पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांवरची, नुसत्या इस्ट्रोजेनची पाहणी वेगळी होती. ती २००४ मध्ये थांबली. तिच्यात अर्धांगवायू वाढलेला दिसला, पण स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही आणि खुब्याची हाडे कमी मोडली. पुढच्या वर्षांत आकडे वयवार मांडून पाहिल्यावर कळले की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास फायद्याचे पारडे बरेचदा जड असते, म्हातारपणी नव्याने सुरू केल्यास तोट्याचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरच्या ठळक चौकटीतल्या इशाऱ्यांपैकी बहुतेक काढण्याचे जाहीर केले. त्यावरही डॉक्टरांत मतभेद आहेत.

या सगळ्या भांडणात आमची पस्तिशीची शेतमजूर ताई कुठेच नाही. ती तरुण राहण्यासाठी गोळी मागत नाही. तिच्या वयाला जे शरीरात असायलाच पाहिजे होते ते कापून काढले, ते परत द्यावे एवढीच गोष्ट आहे. मधुमेह्याला इन्शुलिन द्यावे तशी. साठीच्या अमेरिकन बाईसाठी निघालेला इशारा हिला लावून तिला काहीच न देणे हा आमच्या मते अन्याय आहे. आणि तिला काही द्यायचे असते हेच मुळात तिला न सांगणे, हा त्याहून मोठा.

आता इतक्या लहान वयात पिशव्या निघतातच कशा? बीड जिल्ह्याचे उदाहरण समोर आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या जातात असे २०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून आले. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहाजणींत एक. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एक दिवस चुकला तर खाडा. पाळीचे चार दिवस फडात ना पाणी, ना आडोसा. अंगावरून जाण्याचा किंवा पांढऱ्या पाण्याचा त्रास, जो पुष्कळदा साध्या जंतुसंसर्गाचा असतो व गोळ्यांनी बरा होतो, तो घेऊन बाई खासगी दवाखान्यात गेली की तिला कॅन्सरची भीती दाखवायची. कर्ज काढून ऑपरेशन. ते फेडायला पुन्हा कोयता. मग बीडमध्ये नियम झाला की पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल.

हे बीडपुरतेच नव्हते. बिहार, छत्तीसगड व राजस्थानातल्या अशाच प्रकारांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. ज्यांच्या पिशव्या काढल्या गेल्या त्यांत अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्गीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, हे त्या प्रकरणात मांडले गेले. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की केंद्राच्या आरोग्य खात्याने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणावीत. त्यानुसार जिल्हा पातळीवर देखरेख समिती पाहिजे आणि चाळिशीच्या आतील स्त्रीच्या पिशवीच्या ऑपरेशनची विशेष छाननी पाहिजे. आपल्या जिल्ह्यात ही समिती केव्हा बसते, काय तपासते, हे आपल्या समाजातल्या पंचायत समिती-जिल्हा परिषद सदस्यांनी विचारायला काय हरकत आहे? स्वागताच्या कमानी उभारण्यापेक्षा ते सोपे आहे.

बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणातील विश्रांती व भत्त्याच्या विधेयकाची बाजू घेतली होती. मजूर बाईचे शरीर हे मालकाच्या सोयीने वापरून टाकायची वस्तू नव्हे, हा त्यामागचा विचार. तो विचार बाळंतपणाशी संपत नाही.

ज्यांचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे त्यांच्यासाठी चार शब्द. पिशवी काढणे कधीकधी खरोखर गरजेचे असते, त्याला आमचा विरोध नाही. कॅन्सर निघाला, मोठ्या गाठी झाल्या, औषधांनी रक्तस्राव थांबेना व रक्त फारच कमी झाले, तर काढावीच लागते. पण ‘पिशवीला सूज आहे’ एवढ्यावर काढायची नसते. सरकारी दवाखान्यात पिशवीच्या तोंडाची साधी तपासणी होते, ती आधी करून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. आणि सही-अंगठा देण्याआधी विचारावे की अंडाशय ठेवणार काय, नसाल ठेवणार तर का. काढलेला भाग तपासणीला पाठवून त्याचा रिपोर्ट मागावा.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हार्मोनची आणखी एक गोष्ट आहे, ती उलट्या दिशेने जाते. तिथे गरज नसताना, न सांगता हार्मोन पोटात जाते. गुडघेदुखीची पुडी. बाजारात, फिरत्या गाडीवर, कुठल्याशा वैद्याकडे ‘जडीबुटीची’ म्हणून मिळते, आणि दोन दिवसांत बसलेला म्हातारा चालू लागतो. इतक्या लवकर गुण आला की आम्हाला शंका येते. अशा पुड्यांत व काही ‘ताकदीच्या’ इंजेक्शनांत अनेकदा प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन असली स्टिरॉइडे असतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या कॉर्टिसोन जातीच्या हार्मोनांची ही कारखान्यात केलेली भावंडे. १९४८ मध्ये अमेरिकेत कॉर्टिसोन पहिल्यांदा संधिवाताच्या रोग्याला दिले, आणि १९५० मध्ये त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. दम्याच्या अटॅकमध्ये, काही संधिवातांत, कोविडच्या गंभीर रोग्यांत या औषधाने जीव वाचले आहेत. पण महिनोनमहिने मापाशिवाय घेतले तर चेहरा चंद्रासारखा गोल होतो, हातपाय बारीक होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो, हाडे भुसभुशीत होतात, दबलेला टी.बी. उठतो. “आजी आता कशी भरली,” म्हणून घरचे खूश असतात, ती सूज असते.

पण हे वाचून आजच्या आज पुडी फेकून देऊ नका. बरेच दिवस बाहेरून मिळाल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते. एकदम बंद केल्यास रक्तदाब कोसळून, उलट्या होऊन माणूस दगावू शकतो. पुडी हातात घेऊन सरकारी दवाखान्यात जावे, किती महिन्यांपासून घेतो ते खरे सांगावे, आणि डॉक्टर सांगतील तसे हळूहळू कमी करावे.

पुरुषांसाठी ‘जवानी परत’ आणणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या जाहिराती आता मोबाइलवर येतात. त्यांचा इतिहासही गमतीचा आहे. १८८९ मध्ये पॅरिसमधल्या ब्राऊन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या व गिनिपिगच्या वृषणांचा रस स्वतःला टोचून घेतला व आपण तरुण झालो असे जाहीर केले. पाच वर्षांनी तो वारला. रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन खरेच कमी निघाले व त्रासही असेल तरच ते औषध आहे, एरवी नाही. ‘शक्तिवर्धक’ कॅप्सुलींचेही तेच. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, ते सर्वांना आठवत असेल. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचे कारण रेशनच्या गव्हातले जास्तीचे सेलेनियम असल्याचे मांडले. तेच सेलेनियम, जे अगदी थोड्या प्रमाणात शरीराला लागते आणि ‘तारुण्य टिकवणाऱ्या’ महागड्या कॅप्सुलींच्या डब्यावर अभिमानाने छापलेले असते. कालामांना तथागतांनी जे सांगितले, की ऐकीव आहे, ग्रंथात आहे, मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, ते या डब्यांनाही लागू करावे.

हाडांसाठी, हार्मोन घ्या वा न घ्या, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, दूध-ताक, हरभरा, आणि अंडी-मासळी चालत असेल तर तीही. आमच्या बायांना उन्हाची कमतरता नाही. तंबाखू-मिसरी मात्र सोडावी, तिने हाडेही झिजतात. चाळिशीनंतर हात-पाय साध्या पडण्याने मोडला तर नुसते प्लास्टर घालून येऊ नये, हाडांची घनता तपासायला सांगावे.

शेवटी कागदाचे, कारण ते आमच्या हातचे आहे. कार्ड हरवले असेल तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झाले तिथे साधा अर्ज करावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रोग्याने कागद मागितल्यास ते ७२ तासांत द्यावे लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ते जपून ठेवावे लागतात. त्याहून जुने ऑपरेशन असेल व कागद मिळत नसतील, तर सोनोग्राफीत अंडाशय आहेत की नाहीत ते पाहता येते, आणि एफ.एस.एच. नावाच्या रक्ततपासणीवरून ते काम करतात काय तेही समजते. जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात ‘पिशवी काढली आहे, अंडाशय आहेत काय ते पाहायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे, नुसते ‘अंग दुखते’ म्हणू नये. नुसते अंग दुखते म्हटले की कॅल्शियमच्या गोळ्या देऊन पाठवतात.

अर्ज असा लिहावा : ‘मी, अमुक, राहणार रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. माझे गर्भाशयाचे ऑपरेशन आपल्या रुग्णालयात अमुक तारखेस झाले. त्याबाबतचे केसपेपर, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड व काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल यांच्या प्रती मिळाव्यात. त्यात माझे एक वा दोन्ही अंडाशय काढले किंवा कसे, याचा स्पष्ट उल्लेख असावा.’ तारीख आठवत नसेल तर महिना व साल लिहावे, लेकराच्या शाळेच्या सालावरून ते काढता येते. खाली सही किंवा अंगठा. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, दुसऱ्या प्रतीवर दवाखान्याचा शिक्का, तारीख व घेणाऱ्याची सही पोच म्हणून घ्यावी, आणि ७२ तास त्या तारखेपासून मोजावेत.